अब्बांची वही आणि मंगळयान

आमच्या सावेडीच्या घरात जाड पुठ्ठ्याची एक वही होती. आता ती आपाकडे, झेंडीगेटला आहे. पहिल्या पानावर अब्बांनी उर्दूत लिहिले आहे, 'मिर्रीख'. त्याखाली मराठीत, जरा वाकड्या अक्षरात, 'मंगळ'. आणि तारीख : ५ नोव्हेंबर २०१३, मंगळवार.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. घरात दखनी बोलायचे, वर्कशॉपमध्ये मराठी. निवृत्त झाल्यावर फजरनंतर दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणे हा त्यांचा मोठा उद्योग. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे एखादा शब्द अडला की ते आम्हाला हाक मारायचे. इंजिनाचा शब्द असला तर मात्र आम्हीच त्यांना विचारायचो.

त्या दिवशी भाऊबीज होती, शाळेला दिवाळीची सुटी. शेजारच्या वहिनींनी दिलेला फराळाचा डबा मध्ये ठेवून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेट उडाले. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने टाळ्या वाजवल्या. अब्बांनी विचारले, "पोचणार कधी?"

"पुढच्या सप्टेंबरात," आम्ही म्हणालो.

"दहा महिने? मग डिझेल किती घेतलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्तमानपत्रातून शोधून सांगितले. यानाचे वजन १३३७ किलो, त्यात इंधनच ८५२ किलो. अब्बांना हे फार आवडले. "म्हणजे गाडी कमी आणि टाकीच जास्त," असे म्हणून त्यांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. वहीची सुरुवात अशी झाली.

हळूहळू त्यांना सगळेच हवे झाले. नोव्हेंबरातच का पाठवले? तर पृथ्वी आणि मंगळ दोघेही सूर्याभोवती फिरतात, पण वेगवेगळ्या चालीने. कमी इंधनात तिथे पोचता येईल अशी त्यांची मांडणी साधारण २६ महिन्यांतून एकदाच जुळते. ही वेळ चुकली असती तर थेट २०१६ उजाडले असते. अब्बा म्हणाले, "मुक्कामी गाडीसारखं आहे. ती गेली की बसा स्टँडवर." त्यातही उड्डाण आधी २८ ऑक्टोबरला ठरले होते. रॉकेटवर लक्ष ठेवण्यासाठी दोन जहाजे दक्षिण प्रशांत महासागरात पाठवली होती, खराब हवामानामुळे एकाला पोचायला उशीर झाला, म्हणून आठ दिवस पुढे ढकलले. हेही वहीत आहे. आणि एका कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 'वालचंदनगर'. पीएसएलव्हीचे काही भाग तिथल्या कारखान्यात घडतात हे वाचून ते दिवसभर खूश होते. "इंदापूर तालुका. मी गेलोय तिकडे ब्रेकडाउनला," असे ते येईल त्याला सांगत होते.

सुटी संपून शाळा उघडली तेव्हा आम्हीही वर्गात मंगळयान शिकवायला घेतले. आमचा विषय भाषा, पण मुलांना विचारायचे होते आणि विचारणाऱ्या मुलाला थांबवायचे नाही एवढे तरी बीएडला शिकलो होतो. मुख्य प्रश्न हाच, की यान सरळ मंगळाकडे का गेले नाही? आम्ही मैदानावर गोफण फिरवून दाखवली. पीएसएलव्हीत यानाला एका दमात मंगळाच्या वाटेला लावण्याइतकी ताकद नव्हती. म्हणून यान आधी पृथ्वीभोवतीच फिरत राहिले. प्रत्येक खेपेला पृथ्वीजवळ आले की थोडा वेळ इंजिन चालवायचे, म्हणजे पुढचा फेरा आणखी लांब जातो. कक्षा अशी वाढवत वाढवत न्यायची आणि मग गोफणीतून दगड सुटावा तसे सोडून द्यायचे.

'कक्षा' या शब्दाने मात्र गंमत केली. मराठीत कक्षा म्हणजे यानाची फिरण्याची वाट, उर्दूत तिला मदार म्हणतात. पण आमच्या मुलांच्या कानावर हिंदी कार्टून जास्त, आणि हिंदीत कक्षा म्हणजे इयत्ता. एका मुलीने घरी जाऊन सांगितले की मंगळयान तिसऱ्या कक्षेत गेले, आता चौथीत जाणार. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत हसत हसत विचारायला आली, की यानाची परीक्षा कोण घेते. आम्ही हे घरी सांगितले तेव्हा अब्बाही पोट धरून हसले. आपा त्या रविवारी आलेली होती. तीही हसली.

आणि खरोखरच चौथ्या खेपेला यान कमी पडले. ११ नोव्हेंबरला त्याचा सर्वांत लांबचा फेरा १ लाख किलोमीटरपर्यंत न्यायचा होता, पोचला ७८ हजारांवर. इस्रोने कारण लपवले नाही. इंधन सोडणाऱ्या झडपेला दोन कॉइल असतात. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्हींना एकदम वीज देऊन पाहण्याची चाचणी चालू होती, तेव्हा मोठ्या इंजिनाकडे इंधन जाणेच थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता इंजिन पुन्हा चालवले आणि फेरा १ लाख १८ हजारांवर गेला. अब्बांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. सोलेनॉइड झडप म्हणजे त्यांच्या हातातली वस्तू. म्हणाले, "घाटात बंद पडण्यापेक्षा डेपोजवळ बंद पडलेली बरी. आता ती चूक पुन्हा करणार नाहीत."

३० नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे १ डिसेंबर लागल्यावर १२ वाजून ४९ मिनिटांनी, इंजिन २२ मिनिटे चालले आणि यान पृथ्वीची ओढ सोडून मंगळाच्या वाटेला लागले. आम्ही झोपलो होतो. अब्बा जागे होते. सकाळी वहीत एकच ओळ होती : 'नगर स्टँड सोडलं.'

त्यानंतरचे महिने शांततेत गेले. लोकांना वाटते की यान दहा महिने इंजिन चालवत जाते. तसे नाही. एकदा वेग मिळाला की सूर्याच्या ओढीने ठरलेल्या वाटेवरून ते आपोआप सरकत राहते. इंजिन बंद. अब्बा म्हणाले, "म्हणजे न्यूट्रलमध्ये." वाट थोडी सुधारायची असली तर लहान इंजिने काही सेकंद चालवायची. तशी दुरुस्ती ११ डिसेंबरला झाली, मग थेट ११ जूनला. ऑगस्टमध्ये आणखी एक ठरली होती, पण यान इतके नेमके चालले होते की तिची गरजच पडली नाही. पुढे सरकलेल्या किलोमीटरचे आकडे वर्तमानपत्रात आले की अब्बा लिहून ठेवायचे.

एप्रिल २०१४ मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला होता आणि फार तेजस्वी दिसत होता. मगरीबनंतर आम्ही गच्चीवर जायचो. सावेडीत आता दिव्यांचा उजेड खूप, लहान तारे दिसत नाहीत, पण मंगळ लपत नव्हता. चांदबिबी महाल ज्या बाजूला आहे, त्या पूर्वेच्या अंगाने तो तांबूस वर यायचा. मुलीने विचारले, "यान तिथे दिसेल का?" आम्ही सांगितले की यान अजून वाटेतच आहे आणि एवढ्याशा वस्तूचे आपल्या डोळ्यांना दिसण्याचे कामच नाही. अब्बा म्हणाले, "दिसत नाही म्हणून काय झालं? तुझा मामू सौदीला आहे, तोही दिसत नाही."

त्या रमजानमध्ये इफ्तारीला आलेल्या एका नातेवाइकांनी प्रश्न काढला, की ४५० कोटी रुपये मंगळावर घालवण्यापेक्षा तेवढ्यात किती शाळा झाल्या असत्या! आम्ही गप्प बसलो, कारण आमच्याच शाळेत तेव्हा प्रयोगशाळेच्या नावाने एक कपाट होते. अब्बांनी मुलीला भागाकार करायला बसवले. देशातली माणसे सव्वाशे कोटी धरली तर माणशी चार रुपयेही पडत नव्हते. "चार रुपयांत एसटीचं तिकीट येत नाही," अब्बा म्हणाले. आम्हाला आजही वाटते की त्या नातेवाइकांचा प्रश्न खोटा नव्हता. शाळेला प्रयोगशाळा हवीच. पण ती नव्हती याचे कारण मंगळयान नव्हते, हेही तितकेच खरे.

सप्टेंबर उजाडला तशी अब्बांची काळजी वाढली. यान मंगळाजवळ पोचले की त्याचा वेग कमी करावा लागतो, नाहीतर ते मंगळाजवळून निघून सूर्याभोवती भटकत राहील. वेग कमी करायचा म्हणजे मोठे इंजिन उलट्या दिशेने २४ मिनिटे चालवायचे. आणि ते इंजिन १ डिसेंबरपासून बंद होते. जवळजवळ तीनशे दिवस.

"आमच्याकडे गाडी महिनाभर उभी राहिली तर धक्का मारावा लागायचा," अब्बा म्हणाले. "तिथे धक्का कोण मारणार?"

शिवाय अंतर इतके, की पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला बारा मिनिटांहून जास्त वेळ लागायचा. काही बिघडले तर कळेपर्यंत उशीर झालेला असणार. म्हणून सगळे हुकूम दहा दिवस आधीच यानात भरून ठेवले होते. काय करायचे ते त्याने स्वतःच वेळेवर करायचे होते. मोठे इंजिन चाललेच नाही तर आठ लहान इंजिनांवर काम भागवण्याची तयारीही ठेवली होती.

२२ सप्टेंबरला इंजिन चार सेकंद चालवून पाहिले. चालले! अब्बांनी त्या दिवशी शुक्राच्या दोन रकात नफल अदा केल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार. आम्ही शाळेला जायच्या गडबडीत होतो, पण पाय निघत नव्हते. सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी इंजिन सुरू होणार होते. थोड्याच वेळात यान मंगळाच्या मागे जाणार आणि काही काळ कुणालाच काही कळणार नव्हते. टीव्हीवर बेंगळुरूच्या केंद्रातली माणसे पडद्यांकडे बघत बसली होती. अब्बांच्या हातात तसबीह होती. आठच्या सुमाराला त्या खोलीत एकदम टाळ्या झाल्या, लोक उठून उभे राहिले. मुलीने उडी मारली. अब्बा "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले आणि मग हळूच, "सेल्फ लागला."

पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत यान पोचवणारा भारत हा पहिला देश ठरला. यान मंगळाभोवती लांबट वाटेने फिरू लागले, जवळ असताना ४२२ किलोमीटरवर, दूर गेले की ७७ हजारांवर. एका फेऱ्याला जवळपास तीन दिवस. हे सगळे वहीत आहे. पण त्या पानावर चिकटवलेल्या फोटोबद्दल सांगायचे आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो होता. काठाच्या साड्या, केसांत गजरे, आणि आनंदाने एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या बायका. पुढे कळले की त्या फोटोतल्या काहीजणी कार्यालयीन कामातल्या होत्या. पण मोहिमेत जबाबदारीच्या जागांवर महिला शास्त्रज्ञ होत्याच. लखनौच्या रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ यांची नावे पुढे सगळीकडे छापून आली. अब्बा तो फोटो बराच वेळ बघत बसले. आम्हाला वाटले, काही शब्द अडला असेल.

"काय झालं, अब्बा?"

"काही नाही. यांच्या घरच्यांनी यांना शिकू दिलं."

पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. कारण काय ते आम्हाला माहीत होते.

आमची आपा आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. गणितात इतकी हुशार, की वाण्याच्या दुकानातला हिशेब दुकानदाराच्या आधी तोंडी सांगायची. १९८५ मध्ये सातवी झाली. तेव्हा आमच्या भागातली उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचे तर शहराच्या दुसऱ्या टोकाला चालत जावे लागायचे. नातेवाइकांत चर्चा झाली. अब्बांनी तिला घरी बसवले. ती शिवण शिकली, वेळेवर लग्न झाले, संसार चांगला केला. आम्ही मागून आलो. आमच्या वेळेला अब्बांनीच सायकल घेऊन दिली, कॉलेजची फी भरली, बीएडला पाठवले. आम्ही शिकलो त्याचा आपाला कधी हेवा वाटला नाही. आमच्या निकालाचे पेढे तीच वाटायची. पण यानाची चौथी कक्षा कमी पडली म्हणून घरात सगळे हसले होते तेव्हा, हसून झाल्यावर, तिने एक वाक्य म्हटले होते : "त्याला दुसऱ्या दिवशी परत बसवलं ना?" तेव्हा आम्ही ते ऐकून सोडून दिले.

२६ सप्टेंबरला जिल्हज्जचा चांद बघायला आम्ही गच्चीवर गेलो. आपाही मुलांना घेऊन आली होती. चांद दिसला, सलाम-दुवा झाली, बकरी ईद ६ ऑक्टोबरला हे ठरले. मुले खाली पळाली. चांदाच्या डावीकडे, नैर्ऋत्येला दोन तांबूस ठिपके जवळजवळ दिसत होते. एक मंगळ आणि दुसरा ज्येष्ठा तारा, ज्याला अरबीत कल्ब-उल-अकरब, विंचवाचे काळीज, म्हणतात. आम्ही ते आपाला दाखवत होतो. अब्बा कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "आपली गाडी तिथे आहे." मग थोड्या वेळाने, आपाकडे न बघता म्हणाले, "बेटा, तुझा दाखला काढायचा का?"

आपाला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ती म्हणाली, "आता काय, अब्बा! मुलीच्या लग्नाचं वय झालं माझ्या." अब्बा म्हणाले, "तरी काढून तर ठेवू."

दाखला मिळायला सात-आठ महिने गेले, आणि चकरा अब्बांनी एकट्याने मारल्या. वय बहात्तर-त्र्याहत्तर, गुडघे दुखायचे, तरी आम्हाला येऊ दिले नाही. शाळेचे जुने रजिस्टर सापडले. त्यावरून नवीन दाखला लिहून मिळाला. घरी येऊन त्यांनी तो आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच." नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम. शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे लिहिले होते, 'घरगुती अडचण'.

अब्बा म्हणाले, "अडचण काही नव्हती. लिहायचं म्हणून लिहिलं होतं."

त्यांनी माफी मागितली नाही. त्या पिढीतले बाप मुलीची माफी कशी मागतात ते आम्हाला ठाऊक नाही. त्यांनी दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि रिक्षा करून झेंडीगेटला स्वतः नेऊन दिला.

२०१५ मध्ये आपाने बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. आमचे दूल्हाभाई साधे माणूस. म्हणाले, "बस, काय बिघडतं?" दिवसा शिवण, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री इशानंतर अभ्यास. गणित आम्हाला शिकवावेच लागले नाही. मार्च २०१६ मध्ये तिने परीक्षा दिली, केंद्रावर तिच्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून. निकाल लागला तेव्हा गणितात ७८ गुण होते आणि इंग्रजीत नापास. ती दोन दिवस आमच्याकडे आली नाही, फोनही घेतला नाही. शेजारपाजारचे लोक बोलले असतील तेही तिने सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी अब्बा वही काखेत घालून तिच्याकडे गेले. आम्ही बरोबर होतो. त्यांनी ११ नोव्हेंबरचे पान उघडले आणि तिच्यापुढे धरले. "हे बघ. यानालाही पुरवणी द्यावी लागली होती. दुसऱ्या दिवशीच दिली." आपा रडायची ती हसायला लागली. तेव्हा बोर्डाची फेरपरीक्षा जुलैमध्येच होऊ लागली होती, ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागत नव्हते. जुलैत ती बसली आणि पास झाली. एकतीस वर्षांनी!

मंगळयान इकडे आपले काम करतच होते. त्याला सहा महिन्यांचेच काम नेमून दिले होते. वजनाने सगळी मिळून १५ किलोची पाच उपकरणे. एक रंगीत कॅमेरा, एक मिथेन वायू शोधणारे, बाकीची हवेचा आणि जमिनीच्या उष्णतेचा अभ्यास करणारी. सहा महिने झाले, तरी टाकीत इंधन शिल्लक होते. नेमकी वाट धरल्याचा हा फायदा. मग मुदत वाढली, आणि वाढतच गेली. पूर्ण गोल मंगळाचा फोटो आला तो अब्बांनी वहीच्या मधल्या पानावर लावला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली. अब्बा पेन्शनचे पैसे काढायला बँकेच्या रांगेत साडेतीन तास उभे होते. गुलाबी रंगाची दोन हजारांची नोट घेऊन घरी आले तेव्हा चिडलेले असतील असे आम्हाला वाटले. ते हसत होते. नोट उलटी करून दाखवली. मागे मंगळयानाचे चित्र! "सगळ्या देशाच्या खिशात गेलं," म्हणाले. ती नोट घेऊन ते भाजीवाल्याकडे गेले, मेडिकलवाल्याकडे गेले. सुटे कुणाकडेच नव्हते. शेवटी कंटाळून वहीत ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

अब्बा २०१८ च्या पावसाळ्यात गेले. मंगळ त्या वर्षी पुन्हा पृथ्वीच्या फार जवळ आला होता, पण आम्ही गच्चीवर गेलो नाही. चाळिसाव्यानंतर सामान आवरताना वही निघाली. ती कुणी न्यायची हे ठरवावे लागले नाही.

आपाने वही पुढे चालवली. अब्बांसारखे तपशील नाहीत, पण खंड नाही. २०२० च्या टाळेबंदीत, सगळे घरात कोंडलेले असताना, यानाने टिपलेला मंगळाच्या फोबॉस या चंद्राचा फोटो आला. बटाट्यासारखा वेडावाकडा दगड. तो तिने पेन्सिलने वहीत काढला आहे, कारण दुकाने बंद होती आणि छापून घ्यायला जागा नव्हती. त्याच वर्षी आमची मुलगी दहावी झाली. त्या बॅचचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला होता. अकरावीला तिने विज्ञान घेतले. घरात एक-दोघांनी नेहमीचे प्रश्न काढले, कॉलेज लांब आहे, मुलीला यायला उशीर होईल. आपा तिथेच बसली होती. तिने फक्त एवढेच विचारले, "दाखल्यावर कारण काय लिहिणार?" विषय तिथेच संपला.

ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अब्बांची गाडी थांबली." इस्रोने जाहीर केले होते की यानाशी संपर्क तुटला आहे आणि तो आता जुळणार नाही. एप्रिलमध्ये यान मंगळाच्या सावलीत फार वेळ राहिले. सूर्यप्रकाश नाही म्हणजे वीज नाही. इंधनही संपले असावे, असा अंदाज होता. सहा महिन्यांसाठी पाठवलेले यान मंगळाभोवती आठ वर्षे पुरले होते.

आम्ही तिला म्हणालो, थांबलेली नाही. ती अजून मंगळाभोवती फिरतेच आहे, फक्त आपल्याशी बोलत नाही. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तसं लिहिते." वहीत शेवटची नोंद तीच आहे. 'फिरते आहे. बोलत नाही.' तारीख घातलेली आहे.

पुढच्या वर्षी दोन हजारांची नोट चलनातून काढून घेतली तेव्हा आम्हाला वहीतली नोट आठवली. आपाला विचारले, आठवण म्हणून ठेवायची का? ती म्हणाली, "कधीच बँकेत भरली." आमच्या गल्लीत दोन बायका आहेत, सातवीत शाळा सुटलेल्या. त्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता. एकीची फी तिने त्या पैशांतून भरली. नोटेच्या जागी मंगळयानाचा वर्तमानपत्रातला फोटो लावला आहे. "अब्बा असते तर हेच केलं असतं," ती म्हणाली. आम्हालाही तसेच वाटते.

त्या दोघींपैकी एक पास झाली. दुसरी गणितात राहिली आहे आणि आपा तिला रात्री इशानंतर शिकवते. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक घराण्यात अशी एखादी आपा, फुफी किंवा खाला असते. तिच्या दाखल्यावर काय कारण लिहिले आहे ते एकदा काढून वाचा. ती हयात आहे तोवर फॉर्म भरता येतो.

अब्बांसाठी मगफिरतची दुवा करा, ही विनंती.